सुमनचा लाल ढेकूण

मंडळी, सुमनच्या शोकसभेला तुम्ही सगळे आलात. अमरावतीहून गाडी करून आलात, बार्शीटाकळीचे तिचे जुने विद्यार्थी मागच्या रांगेत दिसत आहेत, शेजारपाजारचे तर आहेतच. एवढ्या उन्हात आलात, आभारी आहे. मी सुमनचा नवरा. उभा जन्म अकोल्याच्या कोर्टात गेला, बोलण्यावरच पोट भरलं. मघापासून सगळे फार शुद्ध, फार छान बोलले. मीही तसंच बोलायचं ठरवून आलो होतो. पण शुद्ध भाषेत मले रागावता येत नाही, अन् आज मले राग आला आहे. तर मी घरच्या बोलीत बोलतो. सुमनशी याच बोलीत भांडलो, आता तिच्यासाठी भांडतो.

राग कशाचा, विचारा. माझ्या मागचा हा फ्लेक्स पाहा. डावीकडे सुमनचा चेहरा हाये, त्याच्याबद्दल तक्रार नाही. उजवीकडे हा जो लाल धब्बा दिसून राहिला, तो काय हाये? कोणी सांगते का? अध्यक्षसाहेब, तुमी सांगता? मघाशी माझ्या साळ्यानं कानात विचारलं, भाऊजी, इथं गुलाल काहून उधळला? मी म्हटलं, गुलाल नाही रे बाबा, तुह्या बहिणीचा फोटो हाये तो. म्हणजे तिनं काढलेला. त्याले पटलं नाही. कसं पटन?

अन् खाली लिहिलं काय, तर ‘सूक्ष्म छायाचित्रणाची तपस्विनी’. तपस्विनी. मागच्या वर्षी याच सभागृहात, याच फोटोग्राफी मंडळानं, याच बाईले बनावट म्हटलं होतं. आज तपस्विनी झाली. मेल्यावर बढती देता तुमी?

ज्याईले ठाऊक नाही त्याईच्यासाठी सांगतो. सुमन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. रिटायर झाल्यावर बायका तीर्थाले जातात, हिनं कॅमेरा घेतला. त्याले किड्यामुंग्यांचे फोटो काढायचं भिंग बसवलं. आता त्या भिंगाची एक खोड असते. किडा जवळून पाहाले जा, तर एका वेळी त्याचा केसाएवढाच भाग स्वच्छ दिसते. डोळा स्वच्छ दिसला की मिशी धूसर, मिशी दिसली की पाय गेला. मंग करायचं काय? कॅमेरा एका छोट्या रुळावर बसवायचा. रुळाले स्क्रू असते. स्क्रू जरासा फिरवायचा, थांबायचं, फोटो घ्यायचा. अजून जरासा, अजून फोटो. असे ढीगभर फोटो काढायचे अन् कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे, ज्याचा जो भाग स्वच्छ तो ठेवायचा. मंग पूर्ण किडा उभा राहते. याले म्हणतात फोकस स्टॅकिंग. यात लबाडी कुठी हाये? यात फक्त धीर लागते.

अन् त्या धीराची किंमत आमच्या घरानं मोजली. कारण फोटो घेताना तिळभर हाललं तर सगळा ढीग वाया. आमच्या घराले लागून पिठाची चक्की. चक्की चालू झाली की आमची फरशी थरथरते. म्हणून ही वाट पाहायची लाईन जायची. भर वैशाखात दुपारी लाईन गेली की आख्खं अकोला शिव्या द्यायचं, अन् आमची बाई खुश. चक्की बंद, कूलर बंद, पंखा बंद. कॅमेरा तर बॅटरीवर चालायचा. ती आतून आवाज द्यायची, वकीलसाहेब, चालू हाये. बस, एवढंच. चालू हाये म्हटलं की मी बनियनवर जिथं बसलो तिथं बसून राहायचो. पाय हालवायचा नाही. पाणी पियाले उठायचं नाही. एकदा दारात पक्षकार आला, मी त्याले नुसता हात दाखवून उंबरठ्यावर उभा ठेवला. त्यालेही घाम, मलेही घाम. तो बिचारा समजला, घरात कोणाचा तरी जीव जाऊन राहिला.

हे घरातलं झालं. घरात ती झाडाचं बी, पाखराचं पीस, खिडकीत सापडलेला मेलेला भुंगा, असंच काही घ्यायची. जिता किडा ती घरात आणायचीच नाही. त्याच्यासाठी थंडीत पहाटे चिखलदऱ्याले, नाहीतर बार्शीटाकळीच्या शिवारात. थंडीनं किडे आखडून बसलेले असतात, ऊन येईपर्यंत हालत नाहीत. तेवढाच तिचा वेळ. मी कुडकुडत पांढरी छत्री धरून उभा, वारा अडवाले. एकदा मी वैतागून म्हटलं, लोक किडे फ्रिजमधी ठेवतात म्हणे थोडा वेळ, सुस्त होतात, तूही ठेव की. ती म्हणाली, उन्हाळ्यात तुमाले ठेवते, मंग फोटो काढते. पुन्हा मी तो विषय काढला नाही.

आता हा धब्बा, म्हणजे लाल ढेकूण. कपाशीवर असते तो, इथल्या प्रत्येकानं पाहिला हाये, अन् पाहिल्यावर चिरडला हाये. सुमननं त्याचा फोटो काढला. फुटलेल्या बोंडावर बसलेला, सोंडेले कापसाचा एक तंतू चिकटलेला. पुढच्या मिशीपासून मागच्या पायापर्यंत सगळं लख्ख. त्याच्या अंगावर बारीक लव असते, हे मले त्या दिवशी समजलं. जन्मभर कापसाच्या मुलखात राहून समजलं नव्हतं. फोटो पाहून मी तिले म्हटलं, हा तर आपल्या सेशन जजसारखा पाहून राहिला. ती लय हासली. म्हणाली, हा प्रदर्शनात देते.

दिला. याच सभागृहात, त्या खिडकीजवळच्या भिंतीवर लागला होता. उद्घाटनाच्या सकाळी परीक्षक आले. म्हणाले, एवढ्या जवळून एवढं सगळं एका वेळी स्वच्छ येतच नाही. सुमन म्हणाली, बरोबर हाये, येतच नाही, म्हणून तर मी स्टॅक केला. झालं. तिनं खरं सांगितलं अन् त्याईनं ते कबुलीजबाब म्हणून धरलं. अध्यक्षसाहेब म्हणाले, मॅडम, नियमात एका क्लिकचा फोटो लिहिला हाये, हा कॉम्प्युटरनं बनवलेला हाये. बनावट हा शब्द माईकवर म्हणाले. ती म्हणाली, मी सगळे फोटो आणून दाखवते, एक एक पाहा, मंग ठरवा. नाही पाहिले. तिच्यासमोर फ्रेम उतरवली अन् तिच्या हातात दिली. भिंतीवर खिळा राहिला. लोक चहा घेत होते, अन् ही फ्रेम छातीशी धरून त्या खिळ्याकडे पाहात उभी. तुमच्यापैकी कितीतरी जण तेव्हा इथं होते. आज बोलताना कोणाले आठवलं नाही.

मंडळानं तिले मारलं, असं मी म्हणत नाही. मी वकील हाये, पुराव्याबाहेर बोलत नाही. तिले हृदयानं मारलं. पण त्या सकाळनंतर तिनं एकही फोटो कोणाले दाखवला नाही. काढायची रोज. लाईन गेली की चालू हाये म्हणायची, मी घामात बसायचो. पण झाल्यावर पहिले मले हाक मारायची, या पाहा म्हणून, ती हाक बंद झाली. मलेही दाखवला नाही. मी विचारलं तर म्हणायची, काही खास नाही. हे बंद तुमी केलं. याचा पुरावा मी हाये.

आता फ्लेक्सची गोष्ट. मंडळाचे सेक्रेटरी घरी आले, म्हणाले, श्रद्धांजलीसाठी ताईंचा तोच गाजलेला फोटो द्या. गाजलेला. मी म्हटलं, कॉम्प्युटरमधी हाये, घ्या. पण सांगितलं होतं, त्या फोल्डरमधी सगळा ढीग हाये, शेवटी तयार झालेला वेगळा ठेवला हाये, तो घ्या. त्याईनं ढिगातला पहिला उचलला. म्हणजे ज्यात फक्त मिशीचं टोक स्वच्छ हाये, बाकी सगळा लाल चिखल. अन् तो दहा फुटांचा केला. छापणाऱ्यानं पाहिला, सेक्रेटरीनं पाहिला, अध्यक्षांनी हार घातला. एकाच्याही डोळ्याले खटकलं नाही.

पण साहेब, मी मघापासून विचार करून राहिलो, तक्रार तरी काय करू? तुमच्या नियमात हाच बसते. एका क्लिकचा, अस्सल, कॉम्प्युटरनं हात न लावलेला. घ्या तुमचा खरा फोटो. काय दिसते यात?

मघाशी एक ताई फार गोड बोलल्या. म्हणाल्या, प्रत्येकाले सुमनताई थोड्या थोड्या दिसल्या, आपण आज सगळ्या आठवणी एकावर एक ठेवून त्यांचा स्टॅक करू. ताई, नका करू. स्टॅकले एक अट असते. हालायचं नाही. तुमी सगळे त्या दिवशी हालले. कोणी चहाकडे सरकलं, कोणी अध्यक्षाकडे. तुमच्या तुकड्यांतून सुमन बनत नाही.

बसा साहेब, बसा. उठू नका. माफी मागाले उठून राहिले असान तर मागू नका. ती ऐकाले नाही, अन् माझ्याजवळ ती माफी ठेवाले जागा नाही. उठलेच आहात तर एक काम करा. ते फ्लेक्सचं टोक सोडा. हो, तुमीच. सेक्रेटरीसाहेब, दुसरं टोक तुमी धरा. उतरवा तो. तिची फ्रेम उतरवता आली होती तुमाले, हेही जमन.

हं. ठेवा तिकडे.

हे मी घरून आणलं. तीच फ्रेम. त्या दिवशी तिनं जशी कापडात गुंडाळली होती तशीच होती, मी आज सकाळी सोडली. खिडकीजवळचा तो खिळा अजून हाये, आल्या आल्या पाहून घेतला. लावतो.

या, जवळ येऊन पाहा. लाजू नका. पाहिला? मिशी पाहा. सोंडेवरचा कापूस पाहा. हे बनावट हाये का? मले उत्तर नको. पाहा अन् आपापल्या जागी जा.

आता शांतता. पण तुमची दोन मिनिटांची नको, त्यात लोक मोबाईल पाहातात. आमच्या घरची पाळा. ते पंखे बंद करा. तो कूलरही. गरम होईल, होऊ द्या. पाय जमिनीवर टेका. खुर्ची वाजवू नका. उठा म्हणेपर्यंत कोणी उठायचं नाही, अन् उठा मी म्हणीन.

सुमन, चालू हाये.