हिरवा खण

रॉकेलची लाइन हलतच नव्हती, माहं डोस्कं तापलं होतं. पुढं माळीन आवडाबाई न् तिचा भाऊ रंगराव.

"रंगा, नदीत घाटापासून पुलालोक डोंगा कसा नेतं रे? मंधात तं खडकच खडक."

"काठ्या रोवल्या न बाई. लाल फडकं दिसलं का खडक, हिरवं दिसलं का वाट."

"त्या काठ्या तुह्या हायेत? मले वाटलं, पान्यातल्या आसराच्या नवसाच्या."

"मंग?"

"मोठ्या खडकापाशी लाल फडकं फाटलं होतं. काल म्या ते सोडून माहा हिरवा खण बांधला."

"कायले?"

"माह्या पोराले, शेषाले काम लागू दे म्हून."

"लागलं न! आज पयला डोंगा थोच नेऊन राह्यला."

"थो माह्या हातचा खण वळखन न रे?"

"म्या त्याले रंगच शिकवला, बाई. पळ!"