रिकामी ठेवायची खुर्ची

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे विद्वान, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या बाई, आणि जागा न मिळाल्यानं दाराशी उभे असलेले विद्यार्थिजन,

मी सुतार. या विभागाच्या कार्यशाळेत बावीस वर्षं रंधा शिकवतोय. मला या ओळीत बसवलंय, म्हणजे पोथ्यांच्या कपाटात पटाशी ठेवल्यासारखं झालं. पण कान शाबूत आहेत. ऐकलं तेवढंच सांगतो.

बाईंचा नियम आपण जाणता. धर्मशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यानं आधी एक वस्तू स्वतः घडवायची, मगच प्रबंध लिहायचा. आणि तोंडी परीक्षाही कार्यशाळेतच, त्या वस्तूसमोर. "देव काय करवतीनं कापायचाय?" असं खुद्द आजच्या अध्यक्षांनीच विचारलं होतं. (आठवतंय ना साहेब? राग नसावा.)

एका वर्षी एक नर्स नोकरी सोडून आली. प्रबंधाचा विषय, देवाची वाट पाहणं. तिनं खुर्ची करायला घेतली. कुणी बसायचं नाही, देवासाठी कायम रिकामी ठेवायची. तीनदा पाय वाकडे आले, तिनं तीनदा सगळं उकललं. मी म्हटलं, "ताई, कुणी बसणारच नाही, तर सांध्यांपायी एवढा जीव का काढता?"

"काका, येणारा आलाच तर?"

मी माझी धारदार पटाशी तिच्या हाती दिली.

परीक्षेला बाहेरून एक वयस्कर परीक्षक आले. त्यांच्या अहवालावर दोन गोष्टी ठरणार होत्या: हिची पदवी, आणि कार्यशाळेला टाळं लावायचं की नाही. गुडघ्यांनी बेजार, तीन जिने चढून आलेले. धापा टाकत आत शिरले आणि समोर दिसली त्या खुर्चीत बसले! घाम पुसत म्हणाले, "हं, दाखवा तुमची वस्तू."

मी बाईंकडे पाहिलं. बाई गप्प. पोरगी पांढरीफटक.

"सर, तुम्ही तिच्यावरच बसलाय," ती म्हणाली.

ते बिचारे ओशाळून उठायला धडपडले. हिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा हो. आधी पाणी देते."

पाणी पोटात गेल्यावर परीक्षक जागा झाला. "ही रिकामीच राहायला हवी, असं पन्नास पानं लिहिलंय तुम्ही. आता?"

"आता ती पानं चुकली, सर. दमलेलं माणूस आलं तर काय करायचं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. हाताला आधी कळलं."

वही मिटून ते जिना उतरले. मी बाईंवर उखडलोच. "अहो, पोरीचं वर्ष पणाला लागलं होतं. मधे एक शब्द तरी टाकायचा!"

"तिच्याऐवजी मी बोलले असते, तर आम्ही दोघी नापास झालो असतो," बाई म्हणाल्या. आवाज शांत होता, पण हातातल्या कागदाचा चोळामोळा होताना मला ऐकू येत होता.

आठ दिवसांनी अहवाल आला. कार्यशाळा चालू ठेवावी. पदवी द्यावी, मात्र शेवटचं प्रकरण पुन्हा लिहून घ्यावं. आणि खाली, त्यांच्या अक्षरात: 'खुर्चीत काहीही बदल करू नये.'

बाई, तुमच्याबद्दल मोठं बोलणारे पुष्कळ आहेत. मला एवढंच ठाऊक, की त्या दिवशी गप्प राहणं तुम्हाला किती जड गेलं.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कुठे खरबरीत राहिलं असेल, तर सुताराचं म्हणून आपणच जरा तासून घ्यावं.