एकादशीच्या नळ्या

आजच्या सभेचे अध्यक्ष वेदमूर्ती ढुंढिराजशास्त्री, ज्यांच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं काम केलं ते प्रमुख पाहुणे डॉ. मुकुल पटवर्धन सर, आपल्या मंडळाच्या सचिव नीरजाताई, आणि दुर्गाघाट, ब्रह्माघाटाच्या पायऱ्या चढून इथवर आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

नीरजाताईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मला ओळखणाऱ्यांच्या मनात आलं असेल, दिनानाथला पाच मिनिटं कशाला हवीत? खरं आहे. मंडळाच्या गणपतीत मी इतकी वर्षं खुर्च्या मांडल्या, पण माइकपाशी कधी आलो नाही. आज मात्र मला थोडा जास्त वेळ लागेल. आज सकाळी साडेसहाला एक गोष्ट घडली, आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. ती सांगितल्याशिवाय ही सत्काराची शाल अंगावर ठेवणं मला बरं वाटत नाही.

आपल्या गल्लीतली मुलं म्हणतात, दिनूकाका युनिव्हर्सिटीत माशा मारतात. त्यांचं चुकतं. मी माशा पाळल्या. केळं जास्त पिकलं की त्याच्याभोवती लाल डोळ्यांची बारीक माशी फिरते, आपण तिला चिलट म्हणतो. तीच ही. काचेच्या नळीत बोटभर अन्न ओतायचं, वर कापसाचा बोळा. माशी त्यात अंडी घालते, अळी तेच अन्न खात वाढते आणि दहाव्या दिवशी नवी माशी बाहेर येते. नळीत दाटी झाली की माशा खुज्या निघतात. खोली तापली की त्यांचं आयुष्य घटतं. अळीने काय खाल्लं, ते माशीच्या अंगात शेवटपर्यंत राहतं. आपल्या पोटात जसं यकृत, तसा तिच्या पोटात चरबीचा एक फिकट पट्टा असतो. तोच तिचं कोठार आणि तोच तिचा वैद्य. विष अंगात गेलं की ते मोडायचं काम बरंचसं तोच करतो. राईएवढ्या देहात ही सगळी सोय. सांगा, यात मारण्यासारखं काय आहे?

तर या माशांचं अन्न शिजवणं हे माझं काम. मक्याचं पीठ, गूळ, खमीर म्हणजे यीस्ट, आणि ते गोठून राहावं म्हणून अगर. अगर म्हणजे समुद्रातल्या शेवाळाची भुकटी. पावणेतीन वर्षांपूर्वी विभागाची इमारत दुरुस्तीला काढली आणि आमची शिजवायची खोली बंद झाली. सर म्हणाले, “दिनानाथराव, काहीतरी करा, माशा उपाशी मरतील.” मी घरी येऊन अन्नपूर्णेला सांगितलं. माझी पत्नी अन्नपूर्णा, आपण सगळे तिला ओळखत होता. ती म्हणाली, “माणसांचं करतेच आहे, त्यात चिलटांचं. आणा ते पीठ.”

सव्वादोन वर्षं तिने रोज पहाटे ते अन्न शिजवलं. बुरशी लागू नये म्हणून आम्ल घालताना माझा गमछा नाकाला बांधायची, नळ्या भरायची. मी त्यांचा क्रेट घेऊन मैदागिनच्या चौकापर्यंत पायी आणि पुढे ऑटोने लंकेला, युनिव्हर्सिटीच्या फाटकाशी. वाटेत लोक विचारायचे, “गुरू, काय खरवस आहे का?”

पण पहिल्याच पंधरवड्यात एकादशी आली. सकाळी बघतो तर नळ्यांमधलं अन्न करडं. मी विचारलं, हे काय? म्हणाली, “शिंगाड्याचं पीठ आणि गूळ. एकादशीला माझ्या चुलीवर मकई शिजणार नाही, आणि तुमचं ते आंबलेलं खमीर तर नाहीच.”

“अगं, ते माशांसाठी आहे.”

“चूल माझी आहे ना? आणि काशीतल्या माशा आहेत त्या. घडला एक दिवस उपास तर पुण्यच लागेल.”

शास्त्रीबुवा, आपल्याला आठवत असेल, एका सकाळी अन्नपूर्णा आपल्या दारात येऊन विचारून गेली होती की समुद्रातलं शेवाळ उपासाला चालतं का. आपण बराच विचार करून म्हणालात, जळातलं आहे, धान्य नव्हे, चालेल. आपल्याला वाटलं असेल ती स्वतःसाठी विचारते आहे. आपण हसता आहात, पण तो निर्णय आपण चिलटांच्या बाबतीत दिलात.

इथवर गंमत आहे. यापुढचं सांगताना मला सरांकडे बघवणार नाही, त्याबद्दल क्षमा असावी.

प्रयोगशाळेत एक रजिस्टर असतं. कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरच्या नळ्यांत कोणतं अन्न भरलं, ते त्यात लिहायचं. मी एकादशीच्या दिवशीही लिहीत राहिलो, ‘नेहमीचे अन्न’. का? बायको माशांना उपास घडवते हे सरांना सांगायची मला लाज वाटली. मनाशी म्हटलं, पंधरा दिवसांतून एकदा, काय बिघडतं? अन्नपूर्णा मात्र विचारायची, “सरांना सांगितलंत ना? नंबर लिहून ठेवलेत मी.” मी म्हणायचो, सांगितलं. मग विचारायची, “माझ्या उपासाच्या माशा कशा आहेत?” मी म्हणायचो, ठीक आहेत. हे दोन्ही खोटं होतं. मी काही सांगितलं नव्हतं आणि काही बघितलंही नव्हतं.

त्याच नळ्यांवर ब्रह्माघाटाची आपली कस्तुरी पीएच.डी.चं काम करत होती. ती इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. काचेच्या नळीला आतून कीटकनाशकाचा पातळ थर द्यायचा, शंभर माशा सोडायच्या आणि चार तासांनी किती पायांवर उभ्या आहेत ते मोजायचं. तिचे आकडे जुळेनात. एका खेपेला शंभरात तीस उभ्या, दुसऱ्या खेपेला साठ. माशा त्याच, औषध तेच. सर एकदा म्हणाले, “कस्तुरी, हात स्थिर नाही तुझा.” ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसली. मागे नळ्या धूत मी उभा होतो. मी धूतच राहिलो. बावीस वर्षांत मला एवढं तरी कळायला हवं होतं की माशीचं गणित बिघडलं तर आधी तिचं ताट बघावं.

गेल्या कार्तिकात अन्नपूर्णा गेली. आपण सगळे मणिकर्णिकेपर्यंत आला होता. त्याच महिन्यात विभागातली शिजवायची खोली पुन्हा सुरू झाली आणि कस्तुरीचे आकडे जुळायला लागले. सर तिला म्हणाले, “बघ, बसला की नाही हात?” बिचारीलाही तेच खरं वाटलं. आधीच्या दोन वर्षांचे आकडे प्रबंधातून काढून टाकायचं ठरलं.

जानेवारीत मी नवं कॅलेंडर लावायला गेलो. आपल्याकडे जुनं काढत नाहीत, त्याच खिळ्यावर नवं चढतं. तीन वर्षांची कॅलेंडरं एकदम हातात आली. प्रत्येक एकादशीच्या चौकोनात तिचं पेन्सिलीचं बारीक अक्षर. ‘नळ्या १४ ते ३६, शिं.’ पुढच्या एकादशीला ‘नळ्या १ ते २२, शिं.’ अशा चोपन्न एकादश्या. एका आषाढीला खाली लिहिलं होतं, ‘सरांना सांगितलं म्हणाले.’

मी ती कॅलेंडरं पिशवीत घालून तसाच कस्तुरीच्या घरी गेलो. तिने आपली वही काढली. मी नंबर वाचत गेलो, ती आकडे बघत गेली. दहा-बारा नंबर झाल्यावर ती म्हणाली, “काका, थांबा जरा.” मग पाणी प्यायली. ज्या ज्या खेपेला जास्त माशा उभ्या राहिल्या होत्या, त्या सगळ्या एकादशीच्या नळ्यांतल्या होत्या. सगळ्या.

मी म्हटलं, चल, आत्ता सरांकडे जाऊ. ती म्हणाली, “नको काका. आधी खरं आहे का ते बघू. नाहीतर सर म्हणतील, आधी हात होता, आता उपासाचं निमित्त.” सर, माफ करा, तिने असंच म्हटलं.

मग आम्ही पुन्हा केलं. शिंगाड्याचं अन्न मी शिजवलं. पहिल्या दिवशी गुठळ्या झाल्या, पण ते राहू द्या. नळ्यांवरच्या खुणा कस्तुरीने कागदाने झाकल्या आणि मोजणी माझ्याकडे दिली, म्हणजे कोणती कुठली हे मला कळू नये.

सर विचारता आहेत, किती वेळा केलं? तीनदा, सर. तिसरी मोजणी आज सकाळी साडेसहाला पूर्ण झाली. मी आकडे सांगितले आणि तिने कागद सोलला. नेहमीच्या अन्नावरच्या शंभरात एकतीस उभ्या. शिंगाड्यावरच्या शंभरात अठ्ठावन्न. आधीच्या दोन्ही खेपांनाही असंच, दोन-चाराचा फरक. कस्तुरी टेबलावर डोकं टेकून हसत होती. मी काय केलं ते सांगत नाही, पण चौकीदार बघायला आला होता.

हे का होतं, ते अजून नक्की माहीत नाही. कस्तुरीला वाटतं, खमीर नाही म्हणून अळीला ताण बसतो, आणि तो सोसताना चरबीचा तो पट्टा आधीच कामाला लागतो. मग विष येतं तेव्हा वैद्य जागाच असतो. असेल किंवा नसेलही. शोधायला पुढे कितीतरी आहे, आणि मी नेमका आता निवृत्त होतो आहे. साठ वर्षांच्या माणसाला इतकं उतावीळ होणं शोभतं का? शोभत नसेल. पण मला उद्या सकाळी पुन्हा नळ्या बघायच्या आहेत.

सर, भरल्या सभेत सांगतो आहे, कारण एकट्यात सांगायचं धाडस मी सव्वादोन वर्षं करून पाहिलं आणि जमलं नाही. माझी एकच विनंती आहे. कस्तुरीचे ते आकडे टाकू नका. तिचा हात पहिल्या दिवसापासून स्थिर होता. चूक माझ्या लेखणीची होती. मी रजिस्टर बरोबर आणलं आहे. चोपन्न ठिकाणी ‘नेहमीचे अन्न’ यावर एक रेघ मारून, खालचं वाचता येईल अशी, बाजूला लिहिलं आहे, ‘शिंगाडा पीठ व गूळ, खमीर नाही. शिजवणारी: अन्नपूर्णा.’ प्रत्येक ठिकाणी माझी सही आणि आजची तारीख आहे. आपली सही हवी आहे.

सर उभे राहिले आहेत. सर, बसा ना. नाही, पेन आहे माझ्याकडे, हे घ्या.

आपण क्षणभर थांबलात, आभारी आहे. पहिल्या पानावर सही झाली आहे. उरलेल्या पानांवर सर आत्ता, इथेच बसून करतो म्हणतात. आणि सरांनी कस्तुरीला वर बोलावलं आहे. ये गं, लाजू नकोस. जिन्याला कठडा नाही, जपून.

मंडळाने माझा सत्कार केला, नीरजाताईंनी माझी पाचाची वीस मिनिटं सोसली, शास्त्रीबुवांनी अध्यक्षपद स्वीकारलं, सरांनी बावीस वर्षं माझ्यावर विश्वास टाकला, आणि तो कुठे टाकायला नको होता ते आज शांतपणे ऐकून घेतलं. सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. लिहिण्यात जे झालं ते मात्र घालू नका, ते रजिस्टरात दिसलंच पाहिजे.

शेवटचं एक. अन्नपूर्णा मला नेहमी म्हणायची, “चिलटंसुद्धा एकादशी करतात, घरात एक तुम्हीच कचोरीवाले.” आज एकादशी आहे. बाहेर ताटलीत शिंगाड्याचा शिरा ठेवला आहे, तो मी केला आहे, तिच्या मापाने. त्यात अगर नाही आणि आम्लही नाही, निर्धास्त खा. मीही तोच खाणार आहे. सकाळपासून दुसरं काही घेतलेलं नाही.

आणि उपासाच्या माशांबद्दल तिने जे विचारलं होतं, त्याचं उत्तर आता माझ्याकडे आहे. अठ्ठावन्न. उभ्या आहेत.

नमस्कार.