शाळेच्या वाटेवरची विहीर

सौंसरची गोष्ट आहे. आठवली की मले अजून संताप येते. आपला जिल्हा नागपूर सोडून भोपाळच्या राज्यात गेला, त्या वर्षीची.

शाळेच्या वाटेवरच्या विहिरीले कठडाच नव्हता. माझी सहा वर्षांची बहीण शांती तिच्यात पडली. पाणी भरणाऱ्या बायांनी वाचवली, पण हात मोडला. आई तिले कडेवर घेऊन सरकारी बाबूकडे गेली.

बाबू म्हणे, “कठड्याची फाइल नागपूरहून भोपाळले जाऊन राहिली. थांबा थोडं.”

आई थांबली नाही. गल्लीतल्या बायांना घेऊन तिनं चार दिवसांत दगडमातीचा कठडा रचला.

तेव्हा मात्र बाबू धावत आला. “परवानगी घेतली का?”

आई म्हणाली, “पोरीले पडाले परवानगी लागली नव्हती, बाबू.”