अकरा एकवीसचे पन्नास वॅट

पुरवणी जबाब
मुरबाड पोलीस ठाणे, दिनांक २७/०१/२००३, सकाळी १०.४०

नाव: रंजिता कमळाकर धानके. वय: ३६ वर्षे. धंदा: नोकरी, कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहाय्यक. राहणार: मुरबाड, म्हसा रोड.

मी वर नाव लिहिलेली बाई, आज कोणी बोलावलेले नसताना स्वतः होऊन पोलीस ठाण्यात आले आहे आणि सांगते ती अशी की, म्हसा जत्रेत बैल उधळून जगन धाऊ मेंगाळ हा इसम जखमी झाला, त्याबाबत माझा जबाब दिनांक १९ रोजी येथेच लिहून घेतला आहे. त्यातील एक गोष्ट चुकीची आहे. ती दुरुस्त करण्यासाठी हा जबाब देत आहे.

माझ्याकडे हौशी रेडिओ चालवण्याचा केंद्र सरकारचा परवाना सन १९९९ पासून आहे. परवान्याची प्रत सोबत जोडली आहे. जत्रेत कोणी हरवले, आजारी पडले तर निरोप बाहेर पोचावा म्हणून आमच्या विज्ञान मंडळाने जत्रा कमिटीची परवानगी घेऊन दिनांक १८ व १९ रोजी देवळाच्या मागे मांडव टाकून रेडिओ लावला होता. मोबाईलला तिथे रेंज नव्हती. एसटीडी बूथ एकच होता व त्याची लाइन बंद होती. माझे निरोप शहापूर येथे श्री. देवजी पांडुरंग विशे हे घेत होते. ते तार खात्यातून निवृत्त झालेले आहेत, वय ६७. मी त्यांना देवजीकाका म्हणते. रेडिओ मी त्यांच्याकडेच शिकले.

आम्ही बोलून नव्हे, तर टाइप करून निरोप पाठवत होतो. कॉम्प्युटर अक्षरांचा बारीक आवाज तयार करतो, रेडिओ तो हवेत सोडतो आणि समोरच्या कॉम्प्युटरवर पुन्हा अक्षरे उमटतात. यात पाच वॅट पुष्कळ होतात. कॉम्प्युटरचा आवाज मोठा केला की रेडिओची पॉवर वाढते, बारीक केला की कमी होते. म्हणजे पॉवर दोन ठिकाणी कमी करता येते. एक रेडिओवरच्या बटणाने, दुसरी कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममध्ये. हे तपशीलवार लिहून घ्यावे अशी मी विनंती केली, कारण चूक इथेच झाली आहे.

दिनांक १८ रोजी सकाळी ०९.४० वाजता मी पन्नास वॅटवर चाचणी घेतली. तेव्हा जत्रेतले कर्णे घुरघुरले. लाऊडस्पीकरवाला भगीरथ बारकू हरड हा माझ्या मांडवात आला व म्हणाला, "ताय, तुमच्या मशिनीनं माझा कर्णा बोंबलतोय." मी प्रोग्रॅममधला आवाज कमी करून पॉवर पाच वॅटवर आणली. त्याला पुन्हा त्याच्या लाऊडस्पीकरच्या सेटजवळ पाठवले. त्याने लांबून हात हलवून ठीक आहे म्हणून सांगितले. रेडिओवरचे बटण मी पन्नासवरच राहू दिले. देवजीकाकांनी मला पहिल्या वर्षापासून सांगितले आहे की पॉवर रेडिओवरच कमी करायची. प्रोग्रॅममधली कमी करणे सोपे होते, हात तिथेच होता, म्हणून तसे केले. दुसरे कारण नाही.

दिनांक १९ रोजी, रविवारी, सुमारे १०.५० वाजता डिझेल भरण्यासाठी जत्रेचा जनरेटर बंद करण्यात आला. आमच्या मांडवाची लाइट त्यावरच होती. रेडिओ मोटारीच्या बॅटरीवर चालू राहिला. कॉलेजचा लॅपटॉप त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर गेला. तो जुना आहे. अर्धा तास जेमतेम टिकतो. भगीरथच्या सेटला वेगळी बॅटरी असल्याने तो चालू होता.

सुमारे ११.२० वाजता मी देवजीकाकांना सकाळच्या नोंदी पाठवत होते. त्या वेळी कर्ण्यांतून मोठा कर्कश आवाज आला. मी डोके वर करून बैलबाजाराकडे पाहिले. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याचा खिलारी बैल खुंटा उपटून बांगडीवाल्यांच्या ओळीकडे निघाला होता. तिथे बायका व लहान मुले बसलेली होती. जगन मेंगाळ हा सिद्धगडाखालच्या वाडीतला, त्याचा व त्या बैलाचा काही संबंध नव्हता. तो आपल्या जोडीजवळ भाकर खात होता. तो धावला आणि त्याने लोंबणारी वेसण धरली. बैल वळला. बांगडीवाल्यांपर्यंत तो गेला नाही. जगनच्या उजव्या मांडीत शिंग घुसले व त्याला आपटल्याने हाड मोडले. मी हे सुमारे शंभर फुटांवरून पाहिले.

मी भगीरथला हातवारे करून सेट बंद करायला सांगितले. त्याने लगेच केला. ११.२६ वाजता मी प्रोग्रॅममधला आवाज वाढवून पूर्ण पन्नास वॅटवर देवजीकाकांना निरोप पाठवला की माणूस गंभीर जखमी आहे, रक्त थांबत नाही, मुरबाडला फोन करून गाडी पाठवा. त्यांचे उत्तर दोन मिनिटांत आले. गाडी १२.१० वाजता आली. तोपर्यंत जगनची बायको तानी हिने लुगड्याचा पदर फाडून मांडी आवळून धरली होती. मी तिच्या शेजारी बसले होते. ती मला म्हणाली, "बाय, गाडी येल ना?" मी येईल म्हणाले.

त्याच दिवशी सायंकाळी माझा पहिला जबाब झाला. कर्ण्यांचा आवाज रेडिओमुळे आला का, असे मला विचारले होते. मी सांगितले की, रेडिओ पाच वॅटवर होता, रेडिओवरची पॉवर दाखवणारी सुई पाचवर होती, सबब तसे होणे शक्य नाही. सुई पाचवर होती हे खरे, पण ती मी आवाज येण्याच्या आधी पाहिली होती. आवाज आला तेव्हा मी बैल पाहत होते, सुई पाहिली नाही. हे मी त्या दिवशी सांगितले नाही. मला ते खोटे वाटत नव्हते.

आवाज भगीरथच्या माईकचा, असे सर्वांनी धरले. बाजारात त्याला मारहाण झाली. त्याच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला व सेट जप्त झाला. तो जामिनावर आहे.

दिनांक २५ रोजी, शनिवारी, मी नोंदी जुळवण्यासाठी शहापूरला देवजीकाकांकडे गेले. त्यांच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर प्रत्येक सिग्नल वरून खाली सरकणाऱ्या रेघेसारखा दिसतो. काही वेगळे दिसले की ते त्या पडद्याचे चित्र जपून ठेवतात. चहा घेताना मी त्यांना कर्ण्यांचा प्रकार सांगितला, तेव्हा त्यांनी मला एक कागद दाखवला.

ते म्हणाले, "ही तुजी रेघ. बारीक, सरळ. कुठंच हललेली नाय. आता इथं बघ."

त्या ठिकाणी रेघेच्या दोन्ही बाजूंना रुंद पांढरे पट्टे होते. दोन वेळा, लागोपाठ. वेळ ११.२१.

मी म्हणाले, "हे माझं नाही. मी पाचवर होते."

ते म्हणाले, "तुजी अक्षरं पाचवर व्हती. ही अक्षरं नायत. हा तुज्या कॉम्प्युटरचा इशारा हाये. बॅटरी संपायला आली की घंटा वाजवतो ना, ती. तू निरोप पाठवत असताना वाजली आन् रेडिओतून बाहेर पडली. प्रोग्रॅमचा आवाज तू कमी केलास. घंटेचा कोणी केला?"

 मी काकांना विचारले की हे त्यांना कधी कळले. ते म्हणाले की पट्टे त्यांनी त्याच दिवशी पाहिले होते, पण जखमी माणसाच्या गडबडीत राहून गेले, आणि कर्ण्यांचा प्रकार त्यांना माझ्याच तोंडून नुकताच कळला. ते पुढे म्हणाले, "मी हा कागद फाडणार नाय आन् कोणाला दाखवायलाही जाणार नाय. तो तुजा हाये." मी त्यावर त्यांची सही व तारीख घेतली. कागद सोबत जोडला आहे.

घरी येऊन मी त्याच सायंकाळी खात्री करून घेतली. अँटेना काढून, सिग्नल बाहेर जाणार नाही असा भार रेडिओला जोडला. बटण पन्नासवर व प्रोग्रॅम पाच वॅटवर, जत्रेत होते तसे ठेवले. लॅपटॉपची वायर काढली आणि निरोप चालू ठेवून इशाऱ्याची वाट पाहिली. घंटा वाजताच सुई पाचवरून अठ्ठेचाळीसवर गेली. लॅपटॉप भरून पुन्हा केले. पाचवरून पन्नासवर. तिसऱ्यांदा केले. सहावरून सत्तेचाळीसवर. मग रेडिओवरचे बटण पाचवर आणून केले, तेव्हा घंटा वाजूनही सुई पाचच्या वर गेली नाही. माझे पती तिथे हजर होते. ते म्हणाले, "दोन दिवस थांब. वकिलाला विचारू." मी थांबायचे नाही असे ठरवले.

दिनांक २६ रोजी सकाळी कॉलेजात झेंडावंदन झाले. नंतर, जखमी माणसाचे प्राण वाचवले म्हणून माझे नाव पुकारले व मला शाल-श्रीफळ दिले. मी ते घेतले. टाळ्या झाल्या. मी काही बोलले नाही. हे कोणी विचारलेले नाही, तरी लिहून घ्यावे.

तिथून मी भगीरथच्या घरी गेले. तो ओट्यावर बसला होता. डाव्या डोळ्याखाली सूज आहे. आई आत होती. मी त्याला आवाज कसा होता ते विचारले.

तो म्हणाला, "ताय, बारा वर्सं कर्णे लावतोय. माईकची शिटी मला झोपेत पन कळते. ती शिटी नव्हती. घुर्र झालं, तुटलं, परत घुर्र झालं. आन् माझा माईक बंद व्हता. पुकारणारा चहाला गेलता. मी किती जणांना सांगितलं. लोक म्हणतात, हा आंगावरचं झटकतो."

मी म्हणाले, "भगीरथ, ते माझ्यामुळे झालं. मी उद्या ठाण्यात जाऊन सांगणार आहे."

 तो म्हणाला, "तुमी तर गाडी बोलावली."

मी म्हणाले, "दोन्ही मीच केलं."

त्याने आईला हाक मारली व मला जे सांगितले ते पुन्हा तिच्यासमोर सांगा म्हणाला. मी सांगितले. ती माऊली ऐकून आत गेली आणि पाणी घेऊन आली. मी पाणी प्याले. भगीरथ मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. येत्या महिन्यात लग्ने आहेत आणि सेट नाही, एवढेच तो बोलला.

सबब माझे म्हणणे असे की, दिनांक १९ रोजी ११.२१ वाजता कर्ण्यांतून आलेला आवाज माझ्या रेडिओच्या पॉवरमुळे आला. मी पॉवर जाणूनबुजून वाढवली नव्हती. परंतु ती वाढू शकेल अशा स्थितीत ठेवली होती. आदल्या दिवशी कर्णे घुरघुरलेले मी स्वतः ऐकले होते, त्यामुळे मला माहीत नव्हते असे मी म्हणू शकत नाही. भगीरथ हरड याची यात चूक नाही. त्याचा जप्त केलेला सेट लवकर मिळावा अशी माझी विनंती आहे. माझा रेडिओ, लॅपटॉप व दोन वायरी मी आज सोबत आणल्या आहेत. पंचांसमोर वरील प्रयोग करून दाखवण्यास मी तयार आहे. परवाना देणाऱ्या कार्यालयाला मी आजच पत्र टाकत आहे. परवाना राहील की जाईल ते त्यांनी ठरवावे.

हवालदारांनी मला विचारले की पहिला जबाब रद्द समजावा का. मी नको म्हणाले. मी तेव्हा काय बोलले तेही कागदावर असावे.

आणखी काही सांगायचे आहे का, असे विचारल्यावरून सांगते की, जगन मेंगाळ कल्याणच्या दवाखान्यात आहे. पाय वाचला आहे. गुडघा वाकेल की नाही ते डॉक्टर अजून सांगत नाहीत. मी दोन वेळा भेटून आले. दोन्ही वेळा तानीने उठून मला स्वतःची जागा दिली, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितले की हिनेच गाडी बोलावली. आता इथून मी दुपारच्या एस.टी.ने कल्याणला जात आहे. मी पोचेपर्यंत तिला हे दुसऱ्या कोणी सांगू नये, एवढी विनंती आहे.

वर लिहिलेला मजकूर हवालदारांनी माझ्या सांगण्यावरून लिहिला. तो मी स्वतः मोठ्याने वाचला. एका ठिकाणी "चुकून" असा शब्द होता, तो मी काढायला लावला. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे व खरे आहे.

सही: रंजिता क. धानके