पार्सलमधली म्हस

पार्सल म्हटलं की तुम्हाला मिसळ आठवत असेल, मला आमचा वसंतमामा आठवतो. मामा गडमुडशिंगीत दूध संस्थेचा चेअरमन. संस्थेच्या सभासदांच्या जनावरांची नोंद ठेवायला मी जावा या संगणकी भाषेत एक अ‍ॅप लिहिलं होतं.

आता अँड्रॉइडमध्ये आपण बनवलेला ऑब्जेक्ट, म्हणजे माहितीचं गाठोडं, एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनवर न्यायचा, तर तो पार्सलेबल करावा लागतो. म्हणजे त्यातली माहिती एकेक करून पार्सलमध्ये भरायची आणि पलीकडं त्याच क्रमानं काढायची. आत कशावर काही लिहिलेलं नसतं. मी भरताना आधी मालक भरला, मग म्हस. काढताना मात्र आधी म्हस काढली. दोन्ही नुसती नावंच, त्यामुळं अ‍ॅपनं काही कुरकुर केली नाही.

मामाच्या घरी पुढच्या सोप्यात सगळे संचालक जमले होते. पसंत पडलं तरच अ‍ॅप घेणार होते. मामानं हौसेनं स्वतःच्याच चंद्रा म्हशीची माहिती भरली, बटण दाबलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "म्हशीचं नाव, वसंत. दुसरं वेत. गाभण. मालक, चंद्रा."

मामा माझ्याकडं वळला.

"मला म्हस केलंस व्हय गं?"

"मामा, क्रम तेवढा चुकलाय. आत्ता सरळ करते."

चहा घेऊन आलेली मामी दारातच थांबली. "चुकलंयच की. म्हस दूध तरी देती!"

त्या हशातच अ‍ॅप मंजूर झालं. विरोधात एकच मत पडलं, अ‍ॅपमधल्या म्हशीचं.