छकुल्या नावाचा मुकादम

…आणि वर मलाच म्हणते, ‘तुम्ही घोरता, हे आधी सांगायचं होतं.’ आता तुम्हाला सांगतो, लग्नाला अडतीस वर्षं झाल्यावर असलं काही सांगायचं असतं का? आणि सांगणार कधी? मी छापखान्यात रात्रपाळीला, ती हॉस्पिटलात दिवसपाळीची सिस्टर. मी घरात शिरलो की ती चपला घालायची, ती चपला काढायची तेव्हा मी डबा उचलायचो. सुट्टी तिची रविवारी, तेव्हा ती दिवसभर बाजारहाटाला बाहेर; माझी मंगळवारी, ती रात्र मी सवयीनं बाहेरच्या खोलीत जागाच. मधल्या पाच मिनिटांत काय ते ‘दूध तापवलंय’, ‘गॅस येणारे’, आणि ‘हा नीट जेवला नाही’. हा म्हणजे आमचा कुत्रा. अख्खा संसार आम्ही उंबऱ्यावर उभं राहून केला. तर घोरण्याचं मला तरी काय माहीत, मी झोपलेला असतो! पण मी काही बोललो नाही.

तर झालं असं, दोघंही एकाच महिन्यात निवृत्त झालो, आणि घरात एक रात्र एकत्र काढायच्या आतच लेकीनं फर्मान काढलं, ‘बाबा, तुम्ही दोघं कॅरॅव्हॅन घेऊन जा. हॉटेल नको, बुकिंग नको, जागा आवडली की गाडी लावायची, तिथंच मुक्काम, फुकटात.’ जावयानं गाडी दारात आणून उभी केली आणि सगळं समजावलं, ‘हे बघा बाबा, यात पलंग आहे, ओटा आहे, कपाट आहे… फक्त पलंग उघडला की कपाट उघडत नाही, आणि कपाट उघडलं की बाथरूमला जाता येत नाही.’ म्हणजे कपडे तरी घालायचे, नाहीतर… जाऊ द्या. मी काही बोललो नाही.

पहिला मुक्काम एका तळ्याकाठी. चिटपाखरू नाही. जागा झकास, तक्रार नाही. पण झोपायची वेळ झाली आणि कुत्रा बिथरला. त्याचं कसं, दिवसा माझ्या शेजारी, रात्री हिच्या शेजारी, पलंगाची रिकामी अर्धी बाजू अकरा वर्षं त्याच्या मालकीची. आता पलंगावर दोघं एकदम! दारात उभा राहून असा बघत होता आमच्याकडे, जणू विचारतोय, यांच्यातलं नक्की ड्यूटीवर कोण आहे? शेवटी ओट्याखाली जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. हीसुद्धा भिंतीकडे तोंड करून पडली. मी मधे आपला… घोरलो म्हणे.

सकाळी चहासाठी पाणी आणायला मी दार उघडलं, तेवढ्यात हा बाहेर. म्हटलं येईल. अर्धा तास झाला, तास झाला, पत्ता नाही. अकरा वर्षांचं म्हातारं जनावर, एका कानानं कमी ऐकू येतं, परकी जागा, शेजारी एवढं मोठं तळं. हिचा चेहरा पांढराफटक. मला म्हणाली, ‘दार तुम्हीच उघडलंत ना?’ बस, इतकंच. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं. मी काही बोललो नाही. ती पाण्याच्या कडेनं निघाली, मी झाडीतल्या वाटेनं.

मी आपला ओरडतोय, ‘मुकादम! ए मुकादम!’ घसा बसला. आणि पलीकडून, पाण्याच्या बाजूनं, हाक ऐकू आली, ‘छकुल्याऽऽ… अरे माझ्या छकुल्याऽऽ…’ म्हटलं, आपण कुत्र्याचं काय घेऊन बसलोय, इथं कुणाचं तरी लेकरू हरवलंय. धावत सुटलो. आणि धावता धावता लक्षात आलं, अहो, हा आवाज तर हिचा! इतका मऊ, इतका रडवेला. अडतीस वर्षांत मी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. माझ्या वाट्याला ‘दूध तापवलंय’चा आवाज आला होता ना.

दोन वाटा मिळतात तिथं हा बसलेला. तिनं हाक मारली की दोन पावलं तिकडे, मी मारली की दोन पावलं इकडे, आणि परत मधे येऊन बसायचा. जीभ बाहेर, धाप लागलेली. ही तिकडून आली, गुडघेदुखी विसरून तशीच चिखलात बसली आणि त्याला पोटाशी धरलं. मग मान वर करून मला विचारते, ‘मुकादम कोण? मला वाटलं, रस्त्याच्या कामावरच्या कुणाला तरी तुम्ही हाका मारताय.’

म्हटलं, ‘दिवसा हा मुकादम असतो. माझ्या उशाशी बसून नजर ठेवतो, म्हणून.’

‘रात्री छकुल्या असतो,’ ती म्हणाली. ‘लेक सासरी गेल्यावर घरात दुसरं कोण होतं लाडानं हाक मारायला?’

तुम्हाला सांगतो, चिखलात बसलो मीही.

त्याच्या कानामागं खाजवत ती म्हणाली, ‘त्याचं काय चुकलं हो? एक आला की दुसरा जातो, हेच बघितलंय त्यानं. दोघं एकदम घरात म्हणजे काहीतरी बिघडलंय, असं वाटलं असेल बिचाऱ्याला.’ मग माझ्याकडे न बघता, ‘मलाही झोप नाही लागली. शेजारी कुणी श्वास घेतंय याची सवयच नाही. मधेच तुमचं घोरणं थांबलं, तर उठून बसले. नाकापुढं बोट धरून बघितलं मी.’

मी काही बोललो नाही. या वेळी खरंच काही सुचलं नाही.

गाडीपाशी परत आलो. ठरलं, आता नाव एकच. ती म्हणते, ‘मुकादमच राहू दे, शोभतं त्याला.’ मी म्हणतो, ‘छट्, छकुल्याच.’ ती म्हणते, ‘ऐका जरा.’ मी म्हणतो, ‘तू ऐक.’ आयुष्यातलं पहिलं निवांत भांडण, कुणाला ड्यूटीवर जायची घाई नाही… चांगलं तासभर चाललं. आणि भांडण संपवून आत बघतो तर हे महाशय पलंगावर आडवे, मधोमध, चारी पाय पसरून, आणि तुम्हाला सांगतो, घोरतायत.

‘उठवू का?’ मी विचारलं.

‘अहो नको,’ ती म्हणाली, ‘किती शांत झोपलाय.’

म्हणजे बघा, अडतीस वर्षांनी नवराबायकोला एकाच वेळी रजा मिळाली, आणि ती आम्ही काढतोय बाहेर पायरीवर, हळू आवाजात बोलत.